जटायूचे ऋण

॥ श्रीरामचंद्राय नमः ॥

दक्षिण गंगा म्हणून वंदिली गेलेली गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि त्र्यंबकराजाच्या चरणांशी नम्र होऊन नाशिक क्षेत्री येते. तिच्या डाव्या तीरावर पंचवटी वसली आहे. अगस्त्य ऋषींच्या सांगण्यावरून प्रभू रामचंद्र, सीतामाई आणि लक्ष्मण यांनी वनवासातील काही काळ येथे व्यतीत केला, म्हणून ही भूमी पावन झाली. येथे येणारा यात्रेकरू रामकुंडात स्नान करतो, श्री काळारामाचे दर्शन घेतो, सीतागुंफेत नतमस्तक होतो, पाच वडांना प्रदक्षिणा घालतो आणि आपल्या पितरांना गोदावरीच्या जलाने तर्पण करतो.

या तर्पणाच्या वेळी एका गोष्टीचे स्मरण फार थोड्यांना असते. याच गोदावरीच्या जलाने प्रत्यक्ष रामरायांनी एका जिवाला उदक दिले होते. तो जीव राजा नव्हता, ऋषी नव्हता, मनुष्यही नव्हता. तो एक गिधाड होता. त्याचे नाव जटायू.

पंचवटीच्या वाटेवरील भेट

वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात ही कथा आली आहे. पंचवटीकडे जात असता राम-लक्ष्मणांना एक प्रचंड गिधाड दिसले. हा कोणी राक्षस असावा, असे वाटून त्यांनी त्याला ‘तू कोण’ असे विचारले. त्या पक्ष्याने अत्यंत मधुर वाणीने सांगितले, की तो त्यांच्या पित्याचा, महाराज दशरथांचा मित्र आहे. रामांनी त्याचे कुळ विचारले, तेव्हा जटायूने केवळ स्वतःचे कुळ सांगितले नाही. त्याने सर्व भूतमात्रांचे कुळ सांगितले. कश्यप ऋषींच्या पत्नींपासून आणि त्यांच्या संततीपासून ही सृष्टी कशी विस्तारली, हे तो सांगतो. मनूपासून मानव झाले, अनलेपासून फळे देणारे वृक्ष झाले, सुरभीच्या वंशात रोहिणीपासून गाई झाल्या, विनतेपासून गरुड आणि अरुण झाले, आणि त्या अरुणाचे पुत्र म्हणजे संपाती व जटायू.

या वंशकथनाचा अर्थ भाविकांनी मनात साठवावा. मनुष्य, वृक्ष, गाय आणि गिधाड ही चारही एकाच घराची लेकरे आहेत, हे पंचवटीच्या उंबरठ्यावर प्रभूंना ऐकविले गेले, आणि तेही एका गिधाडाच्या मुखाने. पुढे जटायूने ‘तुम्ही दोघे बाहेर गेलात तर सीतेचे रक्षण मी करीन’ असे वचन दिले. ते वचन त्याने प्राण देऊन पाळले. रावण सीतामाईला घेऊन जात असता वृद्ध जटायू त्याला आडवा गेला, त्याने रावणाचा रथ मोडला आणि अखेर पंख छाटले जाऊन तो भूमीवर पडला. सीतेला कोण घेऊन गेला, ही वार्ता रामांच्या कानी घालण्यापुरता प्राण त्याने धरून ठेवला.

रामांनी त्याच्यासाठी चिता रचली, पित्याप्रमाणे त्याचा अंत्यविधी केला आणि दोघा बंधूंनी गोदावरीवर जाऊन त्या गृध्रराजाला जलांजली दिली. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद हे स्थान आहे. जटायू येथेच पडला आणि त्याच्यासाठी रामांनी बाण मारून सर्व तीर्थांचे जल येथे प्रकट केले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. लोक आजही त्या कुंडात श्रद्धेने स्नान करतात.

वडाचा संसार

जटायूने सांगितलेले हे नाते केवळ पुराणातील वंशावळीपुरते नाही. ते प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येते, आणि त्यासाठी पंचवटीतील वडाखाली क्षणभर उभे राहणे पुरेसे आहे.

वडाला फूल दिसत नाही, असे लोक म्हणतात. वास्तविक त्याची असंख्य सूक्ष्म फुले त्या लहानशा लाल फळाच्या आत दडलेली असतात. तेथे भुंगा पोहोचत नाही, फुलपाखरू पोहोचत नाही. चिलटाएवढी एक गांधीलमाशी मात्र फळाच्या तोंडाशी असलेल्या अतिशय अरुंद छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती आपल्याबरोबर आणलेले परागकण फुलांना देते, तेथेच अंडी घालते आणि तेथेच देह ठेवते. तिची पिल्ले त्या फळातच वाढतात आणि नवे पराग घेऊन दुसऱ्या वडाकडे उडून जातात. ही माशी नसेल तर वडाला बी धरणार नाही, आणि वड नसेल तर या माशीला जगात दुसरे घर नाही.

पुढे ती फळे मैना, बुलबुल, कोकीळ आणि हरियाल खातात. रात्री वटवाघळे येतात. त्यांच्या पोटातून गेलेले बी दूर कोठेतरी पडते. मंदिराच्या शिखरावर किंवा एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीत वडाचे रोप उगवलेले दिसते, ते कोणी लावलेले नसते. ते पाखराने आणलेले असते. ज्या वडाला सुवासिनी ज्येष्ठ पौर्णिमेला सूत गुंडाळतात, त्या वडाचे आयुष्य अशा अनेक अदृश्य सुतांनी बांधलेले आहे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी याच गोष्टीला यज्ञचक्राचे रूप दिले आहे. अन्नापासून प्राणी, पर्जन्यापासून अन्न, यज्ञापासून पर्जन्य, असे हे चक्र फिरत असते. प्रत्येकाने आपले कर्म त्यात घालावयाचे असते. जो ते चक्र पुढे चालवीत नाही, त्याचे जगणे व्यर्थ होय, असा तेथील निर्वाळा आहे. मग या चक्रात गिधाडाचे कर्म कोणते?

गिधाडाचे कर्म

लोकांनी गिधाडाला अशुभ मानले. ते घरावर बसले तर शांत करावी, असे सांगितले गेले. कोणाला लोभी म्हणावयाचे असेल तर गिधाडाची उपमा दिली जाते. परंतु हा पक्षी सहसा कोणाचा जीव घेत नाही. तो मृताला अन्न मानतो. सृष्टीत जे संपले आहे ते पुन्हा मातीला आणि जिवाला परत देणे, हे त्याचे कर्म आहे.

त्या कर्माला साजेसा देह त्याला मिळाला आहे. डोके व मान जवळजवळ पिसांविना असल्याने घाण चिकटून राहत नाही. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की इतर प्राण्यांना घातक ठरणारे अनेक रोगजंतू तेथे नष्ट होतात. रुंद पंख पसरून ते तापलेल्या हवेच्या झोतावर तासन् तास तरंगते. आकाशात दूर दूर विखुरलेली गिधाडे भूमीवर लक्ष ठेवतात, तशीच एकमेकांवरही ठेवतात. एक खाली उतरले की त्याच्या शेजारचे वळते, त्याला पाहून त्याच्या पलीकडचे वळते. असा संपूर्ण थवा जमला म्हणजे एका मोठ्या जनावराचा देह तासाभराच्या आत साफ होतो आणि मागे केवळ अस्थी उरतात. संपातीने सागरतीरावरून लंकेतील सीतामाईला पाहिले, ही कथा रामायणात आहे. गिधाडाच्या दृष्टीचे सामर्थ्य प्राचीन ऋषींनी किती बारकाईने जाणले होते, हे त्यावरून ध्यानी येते.

पूर्वी प्रत्येक गावाच्या शिवेबाहेर मेलेली जनावरे टाकण्याची जागा ठरलेली असे. कातडे काढणारे कातडे नेत, गिधाडे मांस संपवीत, पुढे हाडे गोळा करणारे हाडे नेत. गावाचे आरोग्य या सर्वांच्या सेवेवर उभे होते. ज्या मनुष्यांनी ही सेवा केली त्यांना समाजाने दूर ठेवले आणि ज्या पक्ष्याने केली त्याला अशुभ म्हटले. रामरायांनी मात्र त्या पक्ष्याला पित्याचा मान दिला. प्रभूंचे आचरण आणि लोकांचे आचरण यांतील हे अंतर अंतर्मुख होऊन पाहण्यासारखे आहे.

दया होती, ज्ञान नव्हते

सुमारे ४० वर्षांपूर्वी भारतीय उपखंडाच्या आकाशात गिधाडांची संख्या कोट्यवधींच्या घरात होती, असे अभ्यासक मानतात. १९९० च्या दशकात ती अकस्मात दिसेनाशी होऊ लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी राजस्थानातील भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात हा ऱ्हास प्रथम नोंदविला. झाडावर बसलेली गिधाडे मान खाली लोंबकळत ठेवून दिवसच्या दिवस निश्चल राहत आणि एके दिवशी खाली कोसळत. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे दर हजारांत एखादेच उरले, इतकी घटली. लांब चोचीची गिधाडेही शेकडा ९५ हून अधिक नाहीशी झाली.

कोणी त्यांची शिकार केली नव्हती. त्यांची जंगलेही एका रात्रीत तुटली नव्हती. कारण सापडले ते २००४ साली. डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मृत गिधाडे तपासून सिद्ध केले, की जनावरांना वेदनाशमनासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यांच्या मृत्यूस कारणीभूत आहे. हे औषध दिलेले जनावर लवकरच मेले, तर त्याच्या मांसात औषधाचा अंश राहतो. तो पोटात जाताच गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, अंतर्गत अवयवांवर पांढऱ्या क्षारांचा थर साचतो आणि पक्षी काही दिवसांत मरतो. शंभर मृत जनावरांत एकाहूनही कमी जनावर असे दूषित असेल, तरीही एवढा संहार होण्यास ते पुरेसे होते, असे गणित अभ्यासकांनी मांडले. कारण एका देहावर संपूर्ण थवा जेवतो.

येथे भाविकाने थांबून विचार करावा. ते औषध कोणी दिले? ज्याला आपल्या गाईचे दुःख पाहवले नाही, त्याने दिले. लंगडणाऱ्या बैलाला, कास सुजलेल्या गाईला, म्हातारपणाने उठू न शकणाऱ्या जनावराला आराम पडावा, ही त्यामागील भावना होती. म्हणजे जटायूच्या कुळाचा संहार रावणाच्या खड्गाने झाला नाही. तो दयेच्या हाताने झाला. गाय आणि गिधाड यांचे नाते जटायूने प्रभूंना सांगितले होते. ते विसरले गेले, आणि एकीला दिलेली मात्रा दुसऱ्याला विष झाली.

यावरून दया करू नये, असा अर्थ कोणी काढू नये. दयेला ज्ञानाची जोड हवी, असा तो अर्थ आहे. दान देताना देश, काल आणि पात्र पाहावे, असे गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. दया करतानाही तिचा परिणाम कोठवर पोहोचतो, हे पाहणे हा धर्माचाच भाग होय.

चक्र तुटले तेव्हा

गिधाडे गेली आणि मृत जनावरे मात्र तशीच पडू लागली. ती कुजली, त्यांचे पाणी ओढ्या-विहिरींत उतरले. त्या अन्नावर भटकी कुत्री वाढली, आणि कुत्र्यांबरोबर रेबीजचे भय वाढले. कुत्रे गिधाडाची जागा घेऊ शकत नाही. ते देह पूर्ण संपवीत नाही आणि रोगजंतूही नष्ट करीत नाही. मुंबईतील पारशी समाजाच्या शतकानुशतके चालत आलेल्या अंत्यविधीतही गिधाडांविना मोठी अडचण निर्माण झाली.

२०२४ साली एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जेथे पूर्वी गिधाडे पुष्कळ होती आणि जेथे ती फारशी नव्हती, अशा जिल्ह्यांची त्यांनी तुलना केली. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असा त्यांचा अंदाज आहे. ज्या पक्ष्याला अशुभ म्हणून हाकलले जाई, तो दररोज किती घरांचे रक्षण करीत होता, हे तो गेल्यावर कळले. जटायूने सीतेचे रक्षण करण्याचे वचन दिले होते. त्याचे वंशज ते वचन न बोलता पाळीत होते.

अंजनेरीच्या कड्यांवर

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीचा डोंगर लागतो. अंजनीमातेने येथे तप केले आणि हनुमंतांचा जन्म येथे झाला, अशी या परिसराची दृढ श्रद्धा आहे. रामकार्यासाठी ज्याने सागर ओलांडला त्या मारुतिरायांच्या जन्मस्थानी, रामकार्यासाठी ज्याने देह ठेवला त्या जटायूचे वंशज आजही घरटी करतात. लांब चोचीची गिधाडे उभ्या कड्यांच्या कपारीत राहतात. मादी वर्षाला एकच अंडे घालते. नर व मादी दोघेही ते उबवितात व पिल्लाला भरवितात. आणि ते पिल्लू स्वतः संसाराला लागण्यास सुमारे पाच वर्षे जावी लागतात. म्हणून एक गिधाड गेले की त्याची जागा भरून येण्यास फार काळ लागतो.

याच डोंगरावर कंदीलपुष्पाची एक दुर्मिळ जात आढळते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००६ साली तिला अंजनेरीवरूनच शास्त्रीय नाव दिले. कंदिलाच्या आकाराच्या या फुलांची रीत विलक्षण असते. बारीक माशा त्यांच्या नळीत शिरतात, आतील केसांमुळे काही काळ अडकून पडतात आणि केस सुकल्यावर पराग घेऊन बाहेर निघतात. कड्यावर गिधाड, पठारावर कंदीलपुष्प, आणि त्याच डोंगरावर अंजनीमाता व हनुमंत. या सर्वांचे जतन व्हावे म्हणून २०१७ साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसरात खोरीपाडा येथे वनविभागाने ग्रामस्थांच्या साहाय्याने गिधाडांना निर्धोक अन्न मिळावे म्हणून विशेष जागा निर्माण केली. आदिवासी बांधवांनी या कार्याला दिलेली साथ ही फार मोठी सेवा आहे.

देशपातळीवरही प्रयत्न झाले. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात असल्याचे दिसल्यावर २०१५ साली इंजेक्शनच्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला. गिधाडांना तशीच घातक ठरणारी केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक ही औषधे २०२३ साली आणि निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस जनावरांसाठी बंद झाली. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांच्या प्रजननासाठी जे केंद्र उभे राहिले, त्याला जटायूचेच नाव देण्यात आले आहे. तेथील काही गिधाडे २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील ताडोबा व पेंच येथे आणण्यात आली. चक्र तोडण्यास दहा-पंधरा वर्षे पुरली. ते जोडण्यास मात्र पिढ्या लागणार आहेत.

ऋण कसे फेडावे

पितृऋण फेडण्यासाठी रामकुंडावर येणाऱ्या भाविकांनी जटायूच्या ऋणाचेही स्मरण ठेवावे. ते फेडण्याचे मार्ग कठीण नाहीत.

गोसेवेसाठी दान देणाऱ्या दात्यांनी गोशाळेत एक प्रश्न अवश्य विचारावा: आजारी गाईला वेदनाशमनासाठी कोणते औषध दिले जाते? मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्ल ही औषधे गिधाडांना निर्धोक असल्याचे परीक्षणांत दिसून आले आहे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तीच वापरावीत, असा आग्रह धरावा. गाईचे दुःखही हलके होते आणि गिधाडाचा जीवही वाचतो. घरी जनावरे पाळणाऱ्या शेतकरी बांधवांनीही हेच करावे. घातक औषध दिलेले जनावर दगावल्यास ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

अंजनेरी व ब्रह्मगिरी येथे जाणाऱ्यांनी कड्यांजवळ कर्णे, फटाके व आरडाओरड टाळावी. हिवाळ्यात व उन्हाळ्यात कपारीत अंडी व पिल्ले असतात. घाबरलेला पक्षी घरटे सोडतो आणि वर्षाचे एकुलते एक अपत्य जाते. गवताला आग लागेल असे काही करू नये, प्लॅस्टिक डोंगरावर टाकू नये. येवल्यात आणि नाशिक परिसरात संक्रांतीचे पतंग मोठ्या हौसेने उडविले जातात. तो आनंद सुती दोऱ्याने घ्यावा. नायलॉन मांजा कायद्याने निषिद्ध आहे आणि त्याने पक्ष्यांचे पंख कापले जातात. जटायूचे पंख कोणी छाटले, हे आठवले म्हणजे तो मांजा हाती धरवणार नाही.

ज्यांना वृक्षदान करावयाचे आहे त्यांनी वड, पिंपळ व उंबर लावावेत. त्यांची फळे पाखरांना अन्न देतात आणि त्यांच्या छायेत पुढच्या पिढ्यांचे यात्रेकरू विसावतात.

त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांचे शिष्य व बंधू ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान मागितले, ते केवळ माणसांसाठी नाही. सर्व प्राणिमात्रांत परस्परांविषयी मैत्री जडावी, असे ते मागणे आहे. मैत्री म्हणजे एकमेकांचे आयुष्य एकमेकांत गुंतलेले आहे, हे जाणून वागणे. वडाची माशी, अंजनेरीचे गिधाड, गोठ्यातील गाय आणि रामकुंडावर ओंजळ धरून उभा असलेला भाविक हे सर्व त्या मैत्रीने बांधलेले आहेत.

गोदावरीत तर्पण करताना पितरांची नावे घेऊन झाली, की एक ओंजळ त्या गृध्रराजासाठीही सोडावी. प्रभूंनी ती याच जलाने दिली होती.

॥ श्रीरामार्पणमस्तु ॥